माईक कोणाच्या बाजूचा?

भातकापणी आटोपली, झोडणी झाली, खळी मोकळी झाली, की आमच्या महाड-पोलादपूरच्या बाजूला एक तक्रार ऐकू येऊ लागते. एस.टी.च्या थांब्यावर येते, चहाच्या टपरीवर येते, आणि खोटे कशाला सांगू, कॉलेजात प्राध्यापकांच्या खोलीतही येते. तक्रार अशी, की "माईकवर होता तो माणूस त्यांचाच होता." त्यांचाच म्हणजे कोणाचा, हे मात्र बोलणारा कुठल्या गावचा, यावर ठरते.

हे दिवस कबड्डीचे. रायगड जिल्ह्यात कबड्डी म्हणजे काय आहे, ते मी तुम्हांला सांगायला नको. गावोगावच्या मंडळांचे सामने असतात, शाळांचे असतात, कॉलेजांचे असतात. रात्री दिव्यांच्या झोतात मैदान उजळते, कर्णे बांधले जातात, आणि एक माणूस ध्वनिक्षेपक हातात घेऊन बसतो. याला कोणी निवेदक म्हणतात, कोणी समालोचक. आपली मंडळी त्याला 'माईकवाला' म्हणतात, आणि मीही आज तोच शब्द वापरणार आहे. सावित्रीच्या खोऱ्यात रात्रीचा आवाज लांब जातो. सामना खाली असतो आणि वरच्या वाडीतली म्हातारी माणसे अंगणात बसून तो ऐकत असतात. त्यांना ना मैदान दिसते, ना गुणफलक. त्यांचा सामना म्हणजे तो आवाज. रेडिओवर सामना ऐकणाऱ्याचेही तसेच. आता पुष्कळ सामने मोबाईलवर दिसतात हे खरे, पण त्या चित्रामागेही कोणीतरी बोलत असतोच, आणि त्याच्याबद्दलही तक्रार असतेच!

समजा, महाडचे एक कॉलेज आणि पोलादपूरचे एक कॉलेज यांचा सामना झाला. दुसऱ्या दिवशी पोलादपूरकडचा मुलगा सांगतो, "सर, आमच्या पोराने एका चढाईत तीन गडी मारले, पण त्याच्या तोंडातून शब्द फुटला नाही." महाडचा मुलगा सांगतो, "सर, तो तर अख्खा वेळ त्यांचंच गाणं गात होता." सामना एक, माणूस एक, आवाज एक. मग यांतला खोटे कोण बोलतो?

कोणीच नाही. माझे म्हणणे असे, की दोघेही आपल्याला ऐकू आले तेच सांगतात. हे कसे होते ते समजावे म्हणून मी तुम्हांला जरा लांब, अमेरिकेत नेतो.

१९५१ सालच्या नोव्हेंबरात तिकडे प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन कॉलेजांच्या संघांचा फुटबॉलचा सामना झाला. त्यांचा फुटबॉल आपल्यासारखा पायांनी खेळण्याचा नाही. चेंडू हातात घेऊन पळायचे आणि समोरच्याने त्याला धरून पाडायचे, असा तो खेळ आहे. आपल्या पकडीशी त्याचे नाते आहे म्हणा ना. सामना फार रांगडा झाला. प्रिन्स्टनचा सर्वांत नावाजलेला खेळाडू नाक मोडून मैदानाबाहेर गेला, पुढे डार्टमथच्या एका खेळाडूचा पाय मोडला. प्रिन्स्टनने सामना १३-० असा जिंकला. आणि मग दोन्ही कॉलेजांच्या विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रांत भांडण जुंपले. एक म्हणे, तुम्ही मुद्दाम आमच्या खेळाडूला मारलेत. दुसरा म्हणे, खेळ अटीतटीचा होता, पण तुम्ही उगीच ओरड करता.

दोन मानसशास्त्रज्ञांनी, हॅस्टॉर्फ आणि कॅन्ट्रिल अशी त्यांची नावे, या भांडणाचा फायदा घेतला. त्यांनी त्या सामन्याचे चित्रण दोन्ही कॉलेजांच्या मुलांना दाखवले आणि सांगितले, नियमभंग दिसेल तेव्हा टिपून ठेवा. चित्रण एकच होते, बरे का. प्रिन्स्टनच्या मुलांना त्यात डार्टमथचे सरासरी जवळजवळ दहा नियमभंग दिसले. डार्टमथच्या मुलांना स्वतःच्या संघाचे दिसले सरासरी चार-साडेचार! एका गृहस्थाची हकीकत तर मोठी मजेची आहे. हे डार्टमथचे जुने विद्यार्थी. त्यांच्याकडे ते चित्रण दाखवण्यासाठी पाठवले होते. त्यांनी आधी स्वतः पाहिले आणि लगेच तार केली, की यातला महत्त्वाचा भाग कापलेला दिसतो, तेवढा विमानाने पाठवा. कापलेले काहीच नव्हते. त्यांनी एवढी ओरड ऐकली होती, आणि तिला साजेसे गुन्हे त्यांना चित्रणात सापडेनात, इतकेच. या दोघांचा लेख १९५४ साली प्रसिद्ध झाला. इतकी वर्षे लोटली, पण मानसशास्त्राचा विद्यार्थी आजही तो वाचतो.

पुढे १९८५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी याच्या पुढची पायरी दाखवली. त्यांनी खेळाऐवजी बातम्या घेतल्या. १९८२ साली बेरूतमध्ये झालेल्या हत्याकांडाच्या दूरचित्रवाणीवरच्या बातम्या त्यांनी इस्रायलच्या बाजूच्या आणि अरबांच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना दाखवल्या. दोघेही म्हणाले, बातम्या आमच्याविरुद्ध आहेत. आणि यात शिक्षकमंडळींनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट म्हणजे, ज्यांना त्या विषयाची माहिती अधिक होती त्यांना पक्षपात कमी नव्हे, अधिकच दिसला. म्हणजे 'मी शिकलेला आहे, मला बरोबर कळतं' हे म्हणणे या बाबतीत फारसे उपयोगी पडत नाही. प्राध्यापकांच्या खोलीतली तक्रार टपरीवरच्या तक्रारीपेक्षा मोठ्या आवाजात का असते, याचा थोडा उलगडा मला त्या अभ्यासाने झाला.

पण श्रोतेहो, एवढे ऐकून कोणी म्हणेल, की मग झाले तर! पक्षपात वगैरे काही नसतोच, सगळा ऐकणाऱ्याच्या कानाचा दोष. तसेही नाही. माईकवाल्याच्या बोलण्यात बाजू असते. फक्त ती आपण जिथे शोधतो तिथे बहुधा नसते. आपण शोधतो त्याच्या आरोळीत. आमचा गुण झाला तेव्हा तो ओरडला का, त्यांचा झाला तेव्हा किती ओरडला, हे आपण मोजत बसतो. आरोळी हा त्याच्या धंद्याचा भाग आहे. ती सोडून द्या आणि दुसरीकडे कान लावा.

पहिली गोष्ट नावे. आमच्या पोलादपूरच्या संघात तीन मोरे, दोन मालुसरे आणि एखादा उतेकर असायचाच. मुंबईचे कॉलेज समोर असले, म्हणजे तिकडची नावे सगळी निरनिराळी, शिवाय माईकवाल्याने ती आधी ऐकलेली. रायगड आणि रत्नागिरीची कॉलेजे मुंबई विद्यापीठाचीच, तेव्हा आमच्या मुलांना मुंबईच्या संघांशी खेळावे लागते. अशा वेळी काय होते? तिकडच्या मुलाने गडी मारला की त्याचे नाव, आडनाव, मागच्या वर्षी तो कुठे खेळला, हे सगळे येते. आमच्या मुलाने मारला की, "पोलादपूरच्या चढाईपटूने एक गुण घेतला." मारणारा कोण, तीन मोऱ्यांपैकी कुठला, ते वरच्या वाडीत बसलेल्या त्याच्या आईला कळतच नाही. यात माईकवाल्याची कोणाशी दुष्मनी नाही. त्याच्यापाशी नाव नव्हते, म्हणून त्याने घेतले नाही. पण परिणाम तोच! सामना संपल्यावर एका संघाची सात माणसे लोकांच्या ध्यानात राहतात आणि दुसऱ्या संघाचा नुसता गणवेश. मला विचाराल तर खरा पक्षपात बहुतेक वेळा इथे असतो, आणि तो प्रेमातून किंवा द्वेषातून येत नाही, अपुऱ्या माहितीतून येतो. गावाकडच्या संघावर, लहान कॉलेजावर, मुलींच्या संघावर तो अधिक होतो. कारण त्यांची माहिती आगाऊ कोणी गोळा केलेली नसते.

दुसरी गोष्ट क्रियापदांची. मी मराठीचा मास्तर, तेव्हा हे माझ्या कानाला आधी खटकते. एकाच तऱ्हेची पकड. एका बाजूने केली तर "काय जिगर आहे!" आणि दुसऱ्या बाजूने केली तर "जरा दांडगाईच झाली." एक चढाईपटू मध्यरेषेजवळ फिरून परत आला तर "संयमाने वेळ काढला", दुसरा आला तर "घाबरला." एक संघ हरला तर "दुर्दैव", दुसरा हरला तर "तयारी कमी पडली." ही शब्दांची अदलाबदल बोलणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. आपल्या माणसाच्या कृतीला आपण सद्गुणाचे नाव देतो. घरात भावाभावांच्या भांडणातही आपण तेच करतो.

तिसरी गोष्ट गुण सांगण्याची. ज्या संघाची बाजू मनातून घेतलेली असते तो मागे पडला, की गुणसंख्या सांगणे हळूहळू कमी होते! मागची चढाई कशी सुंदर होती हेच चालू राहते. रेडिओच्या श्रोत्याला हे सर्वांत जाचक. त्याला आधी गुण हवेत, सौंदर्य मागाहून.

आता एक प्रश्न येतो. ज्याची मुळात एक बाजू आहे अशा माणसाने माईक घ्यावा की नाही? आपल्याकडे हा प्रश्न रेडिओवरच्या क्रिकेटइतकाच जुना आहे. मुंबईत चौरंगी सामने होत असत. हिंदू, मुसलमान, पारशी आणि युरोपियन, असे धर्माजातीने पाडलेले संघ. १९३७ साली त्यात पाचवा संघ आला आणि सामने पंचरंगी झाले. १९३४ साली एस्प्लनेडच्या मैदानावर पारशी विरुद्ध मुसलमान असा सामना झाला. त्याचे धावते वर्णन ए. एफ. एस. तल्यारखान यांनी केले. लोक त्यांना बॉबी तल्यारखान म्हणत. आपल्या देशातल्या क्रिकेटच्या समालोचनाचे ते आद्य पुरुष मानले जातात. आता पाहा, तल्यारखान स्वतः पारशी, आणि मैदानात एका बाजूला पारशीच. सारा वेळ ते एकटेच बोलत. दुसऱ्या कोणाबरोबर ध्वनिक्षेपक वाटून घेणे त्यांना पसंत नव्हते. एवढ्या नाजूक सामन्याचे वर्णन एकाच माणसाच्या, आणि तोही एका बाजूच्या समाजाचा, तोंडून शहराने ऐकले. पुढे याच तल्यारखानांनी धर्मावार संघ पाडण्याच्या पद्धतीविरुद्ध उघड बाजू घेतली. गांधीजींनीही १९४० साली या पद्धतीबद्दल नापसंती व्यक्त केली होती, आणि १९४६ नंतर ते सामने बंदच पडले. माणूस कोणत्या घरातला, यावरून तो माईकवर काय बोलेल हे ठरवता येत नाही, याचे हे उदाहरण मला फार बोलके वाटते.

दुसरे उदाहरण आपल्या जवळचे. मराठीतून क्रिकेटचे समालोचन घरोघर पोचवणाऱ्यांत बाळ ज. पंडित यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. ते स्वतः महाराष्ट्राच्या संघातून खेळलेले. मुंबई आणि महाराष्ट्र यांची क्रिकेटमधली चुरस तुम्हांला ठाऊक आहे. खेळलेला माणूस माईकवर आला की त्याची एक बाजू असणारच, पण त्याच्यापाशी दुसरे काही असते. समोरच्या संघातल्या खेळाडूने केलेली गोष्ट किती अवघड होती, ते त्याला कळते. माझ्या मते माईकवाल्याकडे नुसत्या तटस्थपणापेक्षा हे ज्ञान अधिक असावे. खेळ न कळणारा तटस्थ माणूस दोन्ही बाजूंवर सारखाच अन्याय करतो.

अमेरिकेत हा प्रश्न त्यांनी वेगळ्या तऱ्हेने सोडवला आहे. तिथल्या पुष्कळ कॉलेज-संघांचे सामने सांगणारा माणूस संघाच्याच बाजूने नेमलेला असतो. तो घरच्या संघाचा आहे हे ऐकणाऱ्यालाही ठाऊक असते. फारच बाजू घेणाऱ्याला तिकडे 'होमर' म्हणजे घरचा माणूस म्हणून चिडवतात, पण त्याचे कोणाला विशेष वाईट वाटत नाही. आपल्या गावच्या मंडळाचा माईकवाला थोडासा याच जातीचा. मंडळाच्या वर्गणीतून त्याला मानधन मिळते, मधूनमधून देणगीदारांची नावे वाचावी लागतात, पुढाऱ्यांचे स्वागत करावे लागते. त्याने यजमान संघाचे दोन शब्द जास्त कौतुक केले तर मी तरी कपाळाला आठी घालणार नाही. पाहुण्या संघालाही ते समजते. परंतु आकाशवाणीची गोष्ट वेगळी. तिचा खर्च सर्वांच्या पैशातून होतो, महाडच्याही आणि पोलादपूरच्याही. तिथे 'घरचा संघ' ही चीजच नाही. कॉलेजांच्या स्पर्धेत जो माईकवर बसतो त्यानेही स्वतःला आकाशवाणीचा मानावे, मंडळाचा नव्हे, असे मला वाटते. कारण तिथे खेळणारी दोन्हीकडची पोरे विद्यार्थीच असतात.

आणखी एक भेद सांगतो, तो सहसा कोणी करत नाही. रेडिओवरचा समालोचक मैदानातल्या खेळाडूंना ऐकू येत नाही. कर्ण्यावरचा माईकवाला मात्र खेळाडूंना, गर्दीला आणि पंचांनाही ऐकू येतो. हा साधा भेद नाही. इंग्लंडमधल्या काही संशोधकांनी २००२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी फुटबॉलच्या चाळीस पंचांना एकाच सामन्याचे चित्रण दाखवले, काहींना गर्दीच्या आवाजासह आणि काहींना आवाज बंद करून. ज्यांनी आवाज ऐकला त्यांनी घरच्या संघाविरुद्ध सुमारे पंधरा टक्के कमी चुका दिल्या. हे शिकलेले, परीक्षा दिलेले पंच! त्यांना कोणी लाच दिली नव्हती. नुसत्या कल्लोळाने त्यांचा हात जड झाला. आता आपल्याकडे हा कल्लोळ उठवणारा कोण? कबड्डीत चढाई तीस सेकंदांची. तेवढ्यात झटापट होते, कोणाचा हात लागला, कोणाचा पाय रेषेबाहेर गेला, हे पंचाला पापणी लवते न लवते तोच ठरवायचे असते. त्या क्षणी कर्ण्यावरून "बाद आहे, बाद आहे!" अशी आरोळी आली, तर ते नुसते वर्णन राहत नाही, ती पंचाच्या कामात ढवळाढवळ होते. म्हणून पंचाचा हात वर जाईपर्यंत माईकवाल्याने निकालाचा शब्द उच्चारू नये. चढाई कशी चालली आहे ते खुशाल सांगावे. बाद की नाबाद, ते पंच सांगेल. एवढा एकच नियम सर्व मंडळांनी पाळला, तर मैदानावरची निम्मी बाचाबाची टळेल अशी माझी समजूत आहे.

शिक्षकमित्रांना मी एक उद्योग सुचवतो. मी माझ्या वर्गात तो करून पाहिला आहे आणि मुलांना तो आवडतो. सामन्याचे पंधरा मिनिटांचे ध्वनिमुद्रण मिळवा. मोबाईलवर ते सहज मिळते. वर्गाचे दोन भाग करा, एक भाग या संघाच्या बाजूचा, दुसरा त्या. प्रत्येकाला मूठभर चिंचोके द्या. पहिल्या वेळी सांगा, की माईकवाला समोरच्या संघाचे कौतुक करील तेव्हा एक चिंचोका बाजूला ठेवा. दोन्हीकडच्या राशी कधी जुळत नाहीत, आणि मग जो हशा होतो तो होऊ द्या. दुसऱ्या वेळी तेच ध्वनिमुद्रण लावा आणि सांगा, आता फक्त खेळाडूचे नाव घेतले की चिंचोका ठेवायचा, या संघाचे इकडे, त्या संघाचे तिकडे. या खेपेला राशी जुळतात, कारण आता मत मोजायचे नाही, वस्तू मोजायची आहे. आणि मग मुलांना विचारा, पक्षपात होता का? असला तर कुठे होता? मुले फार चांगली उत्तरे देतात. कधीकधी असे निघते, की ज्या संघाची मुले रागावली होती त्यांचीच नावे अधिक घेतलेली असतात!

तुम्ही म्हणाल, कबड्डीच्या सामन्यासाठी एवढी उठाठेव कशाला? कोणी दोन शब्द इकडे बोलला काय, तिकडे बोलला काय. मला ते तितके हलके वाटत नाही. आमच्या भागात जो मैदानावर माईक धरतो, तोच पुष्कळदा गावची दवंडीही देतो. लसीकरण आहे, रेशन आले आहे, नदीचे पाणी वाढते आहे, हे त्याच्याच आवाजात आपण ऐकतो. २२ जुलै २०२१ हा दिवस महाडकर विसरणार नाहीत. सावित्री आणि गांधारी शहरात शिरल्या, आणि त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. अशा रात्री वाडीवर बसलेल्या माणसाला एखादा आवाज सांगतो, उठा, वर चला. तो आवाज 'त्यांचा' आहे, असे त्याच्या मनात आधीपासून बसलेले असेल, तर तो उठायला दोन मिनिटे जास्त घेईल. मैदानात गमावलेला भरवसा तेवढ्यापुरता गमावला जात नाही. आणि उगीचच्या तक्रारीनेही तो गमावला जातो, हे आपण ऐकणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. जो माणूस नीट बोलत होता त्यालाही 'त्यांचा' ठरवले, की पुढच्या वर्षी चांगला माणूस माईक घ्यायला तयार होत नाही. मग जो मिळतो तो खरोखरच कोणाचा तरी असतो.

तेव्हा आता डिसेंबरपासून सामने सुरू होतील. त्याआधी संघाबरोबर जाणाऱ्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. खेळाडूंची यादी नेहमी गुणलेखकाला द्यावी लागते. तिची आणखी एक प्रत मोठ्या अक्षरांत करा, आणि ती माईकवाल्याच्या हातात द्या. प्रत्येक मुलाच्या गणवेशावरचा क्रमांक, त्याचे पूर्ण नाव, त्याची वाडी, आणि तो चढाई करतो की कोपरा सांभाळतो, एवढे त्यावर असू द्या. तीन मोरे असतील तर तिघांची पहिली नावे ठळक लिहा. आणि पूर्वार्धात त्याने चुकून एका मोऱ्याचा गुण दुसऱ्याच्या नावावर सांगितला, तर बाकावरून ओरडू नका. मध्यंतर पाच मिनिटांचे असते. तेवढ्यात एखाद्या मुलाच्या हाती चिठ्ठी त्याच्यापर्यंत पोचते.